मागच्या दाराचा ढग

सगुणाबाईला भाकरीचा वास आता आठवून घ्यावा लागायचा. तव्यावर ज्वारीला पहिला चटका बसतो, पापुद्रा फुगतो आणि त्यातनं जो खरपूस वाफारा सुटतो, तो तिच्या नाकापर्यंत पोचायच्या आत मागचा खड्डा त्याला वाटेतच गाठायचा. भाकरी दिसायची भाकरीसारखी. लागायची मात्र कुणीतरी आधी चावून टाकल्यासारखी.

खड्डाही साधासुधा नव्हता. चुडाव्याच्या स्टेशनापलीकडं, वस्तीच्या पाठीला लागून भुजंगरावांचा कारखाना होता. तिथं मळीपासून इथेनॉल काढायचे, आणि काढून झाल्यावर उरलेलं काळं, दाट, कोमट पाणी वस्तीच्या अंगाला खणलेल्या तळ्यात सोडून द्यायचे. सगुणाबाईच्या परसापासून ते इतकं जवळ, की कोंबडी हुसकली तर तिकडंच जाऊन फसायची. कारखान्याचे लोक त्याला ‘लगून’ म्हणायचे. वस्तीनं त्याचं ‘लगीन’ करून टाकलं. पाऊस जास्त झाला की बाया एकमेकींना विचारायच्या, "का गं, लगीन उतू गेलं का?" थंडीत त्याच्यावर म्हशीच्या कातड्याएवढी जाड साय धरायची आणि खालून बुडबुडे येऊन ‘डब्’ करून फुटायचे. ती लग्नाची वाजंत्री. हसायच्या आणि हसता हसता पदर नाकाला लावायच्या.

वास कसा, ते पाहुण्याला सांगणं अवघड. कुजकी अंडी म्हणावं तर त्यात आंबलेल्या गुळाचा गोडसरपणा असायचा, आणि गोडसर म्हणावं तर तुंबलेली मोरी मध्येच डोकं वर काढायची. वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी घडी करताना ओकारी यायची. माशांबद्दल तर बोलूच नये. वरणात पडलेली माशी काढून वरण खायला वस्तीतली पोरं शिकली होती, आणि सगुणाबाईला त्या माशीपेक्षा पोरांच्या त्या सराईत बोटांची जास्त शिसारी यायची.

घरात सुखी माणूस एकच, तात्याराव. तिचा नवरा. रेल्वेत रूळ तपासण्यात जन्म गेला, पेन्शन लागली, आणि त्याच साली करोनानं त्यांचं नाक नेलं ते परत आणून दिलंच नाही. जेवताना मिटक्या मारायचे. "भाजी झकास झालीय," म्हणायचे. तिला वाटायचं, देव कुणाला काय देईल सांगता येत नाही. माझ्या नवऱ्याला त्यानं बहिरं नाक दिलं. पण नाक गेल्यामुळं त्यांचं एका बाबतीत अडायचं. गॅस चालू राहिलाय का, शेंगा खवट आहेत का, दूध नासलंय का, हे ते तिला विचारायचे. दुधाचं पातेलं दोन्ही हातांनी तिच्या तोंडापुढं धरायचे आणि न्यायाधीशाकडं बघावं तसं बघायचे. ती "चांगलं हाय" म्हणाली की पिऊन टाकायचे. तिच्या शब्दावर त्यांचा असा आंधळा विश्वास होता. पुढं जे झालं, ते या विश्वासामुळंच जास्त लागलं तिला.

त्यांची एकुलती एक लेक धम्मशीला. घरात धम्मी. हैदराबादला नोकरीला होती, आणि नोकरी अशी की सांगायला गेलं तर लोक आधी हसायचे. आकाशात उपग्रह फिरतात, ते जगभरातल्या ज्वालामुखींवर नजर ठेवतात. डोंगर फुटायच्या आधी त्याच्या पोटातला वायू वर यायला लागतो. तो किती येतोय, वाढतोय का, कुठं चाललाय, हे वरनं मोजायचं आणि खालच्या माणसांना वेळेत सावध करायचं. विमानांनाही कळवायचं. धम्मीनं हे तिला एकदा दिवाळीत बाजेवर बसून समजावलं होतं. सगुणाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या भाषेत बसवून टाकलं: "मंजी डोंगर उलटी करायच्या आधी ढेकर देतो. तू ढेकरा मोजती."

"बरोबर," धम्मी म्हणाली होती. "माझ्या साहेबाला पण इतकं सोपं सांगता येत न्हाई."

तेव्हापासून कुणीही विचारलं की सगुणाबाई सांगायची, माझी लेक डोंगराच्या ढेकरा मोजती. वर आणि म्हणायची, तुमच्या लेकी काय करतेत?

त्या नोव्हेंबरात आफ्रिकेत, इथिओपियात, हजारो वर्षं गप पडलेला एक डोंगर फुटला. हायली गुब्बी त्याचं नाव. त्याचा ढग समुद्र ओलांडून हिंदुस्थानावर आला, विमानं रद्द झाली, टीव्हीवर लाल-जांभळे नकाशे फिरायला लागले. धम्मीला दोन दिवस झोप नव्हती. कापूस वेचायला निघालेल्या आईला तिनं धावता फोन केला.

"आई, गंधकाचा ढग आलाय बग आपल्या देशावर. मी बघायलेय हितनं."

"अगं बाई! मंग वास यील की."

"न्हाई गं. लय उंच हाय, इमानं उडतेत तितं. खाली काय येत न्हाई. उद्याला चीनकडं जाईल. ठिवते."

झालं एवढंच. पण लेकीनं आपल्या हातानं ढग धरून ठेवलाय असं वाटून सगुणाबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. रानात गेल्या गेल्या तिनं ते सगळ्यांना वाटलं. शेजारच्या ओळीत पार्वतीबाई होती, वाड्याकडची, तोंडानं फटकळ आणि मनानं बरी. तिनं ‘गुब्बी’ ऐकलं आणि तिच्या तोंडात त्याची गोबी झाली.

"मंग सकाळपासून ह्यो जो घाण वास यायलाय, तो त्या गोबीचाच म्हण की!"

आता इथं सगुणाबाईनं ‘न्हाई’ म्हणायला पाहिजे होतं. लेकीनं साफ सांगितलं होतं. वास कुठला, हे तिच्या नाकाला रोज ठाऊक होतं. पण सगळ्या बाया हातातला कापूस हातात धरून तिच्याकडं बघत होत्या. जन्मात पहिल्यांदा वाड्याकडची बाई तिला काहीतरी विचारत होती. आणि आपल्याकडं एक शब्द आहे, जो होही नसतो आणि नाहीही नसतो, जो म्हटला की माणूस शहाणा दिसतो आणि अंगावर काही येत नाही. तो तिच्या तोंडून निघाला.

"असंल की!"

संध्याकाळी तात्यारावांनी स्टेशनावर ऐकून येऊन विचारलं, "खरंच का गं, आताचा वास खड्ड्याचा न्हाई, त्या डोंगराचा हाय?" तिनं चुलीत फुंकर घातली, आणि दुसऱ्यांदाही तेच म्हणाली. नवऱ्यानं दुधाच्या पातेल्यासारखा तो शब्द घेतला आणि पिऊन टाकला.

पार्वतीबाईचा भाचा जीवन मोबाइलवर बातम्यांचं चॅनेल चालवायचा. दुसऱ्या दिवशी तो काठीला मोबाइल लावून आला, तात्यारावांना बोलतं केलं, आणि चॅनेलवर बातमी झाली: ‘चुडावा परिसरातील दुर्गंधीचे रहस्य उलगडले, शास्त्रज्ञ कन्येचा खुलासा’. आणि तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर फ्लेक्स लागला. दोन माणसं उंच. त्यात धम्मीचा फोटो, सगुणाबाईच्या व्हॉट्सअॅपवरनं उचललेला, मागं लाल ढगाचा नकाशा, कोपऱ्यात हात जोडलेले भुजंगराव. मजकूर असा: ‘परिसरातील वास आफ्रिकेतील ज्वालामुखीचा. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. आपल्या भूमिकन्येचा आम्हास अभिमान.’ वस्तीनं कितीतरी हेलपाटे घालून खड्ड्याचं पाणी तपासायला सरकारी माणसं यायचं ठरवून घेतलं होतं. त्यांचा निरोप आला, की नैसर्गिक कारण असल्यानं सध्या येत नाही.

सगुणाबाई फ्लेक्सखाली उभी राहून लेकीच्या तोंडाकडं बघत राहिली. लेक छान हसत होती. बरोबर तिच्या दातांवर एक निळी माशी बसली होती, आणि हाकलायला हात पोचत नव्हता.

मग धम्मीचा फोन आला. यावेळी ती धावता बोलत नव्हती.

"आई, माझ्या हापिसात कुणीतरी त्या फ्लेक्सचा फोटो पाठवलाय. माझ्या नावानं खोटं लावलंय तितं. साहेबानं लेखी खुलासा मागितलाय."

"नोकरीवर यायलंय का गं?"

"नोकरीचं बघू. पण मी उद्या म्हणलं, की अमक्या डोंगराखालची गावं रिकामी करा, तर माझं कोण ऐकंल? माझं नावच तर लागतं त्याला. दुसरं काय हाय माझ्यापाशी?" ती थांबली. "तू म्हणलीस का असं?"

"मी... ‘असंल की’ म्हणले."



"ते खाली काढ आई. मला बाकी काय नको."

सगुणाबाईनं विचारलं, "तुझ्या त्या उपग्रहाला सगळं दिसतं न्हवं? मंग आपला खड्डा दाखव की त्यांना. वरनं फोटो काढ आन् लाव त्यांच्याच फाटकावर."

"त्याला डोंगराएवढं दिसतं, आई. आपला खड्डा लय बारीक हाय. आन् वास तर त्याला कळतच न्हाई."

हजारो कोसांवरच्या डोंगराला साधी ढेकर आली तर कळतं, आणि आईच्या परसातलं कळत नाही. सगुणाबाईला लेकीचा राग आला नाही. तिला त्या उंचीचीच किळस आली. एवढ्या वरनं कुणाचं नाक शाबूत राहणार?

ती आधी जीवनकडं गेली. "बाबा, मी चुकून बोलले. दुसरं छाप."

जीवननं केस मागं सारले. "मावशी, खुलाशाला व्ह्यू नसतेत. आन् तुमी कशाला टेन्शन घेता? रविवारी भुजंगराव साहेब स्वतः यायलेत तुमच्या घरी. चहा घेणार, सत्कार करणार. लाइव्ह हाय आपल्याकडं."

तात्यारावांनी सत्काराचं ऐकलं आणि पेटीतली टोपी काढली. घरात पाय ठरेना त्यांचा. "माझ्या लेकीच्या नावानं साहेब घरी यायलेत," असं चार घरी सांगून आले. सगुणाबाईनं त्यांना सगळं सांगायला दोनदा तोंड उघडलं. पण ते टोपीला इस्त्री करत होते, तांब्यात निखारे भरून, जुन्या पद्धतीनं, आणि त्यांच्या तोंडावर धम्मी जन्मली त्या दिवशीचं हसू होतं. तिला जमलं नाही.

रविवारी सकाळी कारखान्याची दोन माणसं आली. त्यांच्या पाठीला फवारणीचे पंप होते. सगुणाबाईला वाटलं डासांचं औषध असेल. तिनं माठ झाकला. पण पंपातून गुलाबाचं सेंट आलं. त्यांनी तिचं अंगण फवारलं, भिंत फवारली, बकरी मध्ये आली तर बकरीही फवारली. खड्ड्याच्या वासावर तो गुलाब चढला आणि दोघांचं मिळून असं काही झालं की जणू मेलेल्या म्हशीला हार घातलाय. आधी निदान नुसती घाण होती, प्रामाणिक. शेजारची गीताबाई उंबऱ्यावरच बसली आणि ओकून मोकळी झाली.

"काय गं माय हे," ती पदरानं तोंड पुसत म्हणाली. "ह्यापेक्षा लगीन बरं व्हतं."

भुजंगराव आले ते पांढऱ्या कपड्यांत, पांढऱ्या बुटांत. अत्तराचा भपका त्यांच्याआधी आत आला. "जय भीम मावशी! जय भीम तात्या!" इतक्या मोठ्यानं म्हणाले की बकरी बुजली. मागं जीवन, मोबाइलची काठी पुढं धरून. दारात वस्ती गोळा झाली.

सगुणाबाईनं त्यांना दारातच गाठलं. हात जोडले. "साहेब, सत्कार नको. तेवढा फ्लेक्स काढा. लेकीच्या नावावर आलंय. वास त्या डोंगराचा न्हाई."

भुजंगराव हसले. कॅमेऱ्याकडं पाठ करून, आवाज खाली घेऊन म्हणाले, "मावशी, म्हणलंय कोण? तुमीच ना? आता लेकीला खोटं पाडता का? गप सत्कार घ्या. पोरीचं नाव जिल्ह्यात गाजायलंय." आणि लगेच कॅमेऱ्याकडं वळून मोठ्यानं, "चहा पाजा मावशी! तुमच्या हातचा चहा प्यायला आलोय मी!"

आपलाच शब्द दुसऱ्याच्या तोंडात चघळलेला ऐकणं यासारखी घाण नाही. सगुणाबाई आत गेली. चहाचं आधण ठेवलं. मग तिनं मागच्या दाराकडं बघितलं.

ते दार वर्षानुवर्षं बंद असायचं. खालच्या फटीत पोतं कोंबलेलं, वरच्या फटीत जुनी लुगडी. तिनं खाली वाकून पोतं ओढून काढलं. लुगडी काढली. कडी काढली आणि दार सताड उघडलं.

"अगं, मागचं कशाला?" तात्याराव म्हणाले.

"पाव्हणे आलेत," ती म्हणाली. "घर मोकळं असावं."

दाराच्या चौकटीत खड्डा आला. काळी साय, तिच्यावर माशांची चादर. वारा तिकडचाच होता. तो आत आला आणि त्यानं गुलाबाला एका फटक्यात आडवं केलं. दारातले लोक दोन पावलं मागं सरकले. भुजंगरावांच्या नाकपुड्या आत ओढल्या गेल्या. पण जीवनची काठी समोर होती, म्हणून ओठ हसत राहिले.

तिनं नवी कपबशी काढली, चहा भरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी कप उचलला, ओठाला लावला, "वा!" म्हणाले, आणि खाली ठेवला. चहा होता तितकाच होता.

सगुणाबाईला ही रीत पाठ होती. तिच्या बापाची कपबशी मोठ्या घरांच्या वळचणीला खोचलेली असायची. ती काढायची, विसळायची, वरून धार घ्यायची. पुढं दिवस बदलले, तीच घरं मतं मागायला वस्तीत यायला लागली, आणि ही नवी रीत आली. कप वर जातो, ओठाला लागतो, फोटो निघतो, चहा तसाच. कप धुताना तो मोरीत ओतताना तिला नेहमी वाटायचं, की आपल्या घराची चूळ भरून कुणीतरी आपल्यापुढंच थुंकलंय.

"साहेब, चहा गेला न्हाई."

"गेला की मावशी. फस्टक्लास."

"कप भरलेला हाय."

जीवनची काठी आपोआप कपाकडं वळली.

"न्हाई, आमच्यात काय हाय," सगुणाबाई शांतपणे म्हणाली, "पाव्हणा चहा ठिवून उठला की दोनच कारणं असत्यात. एक तर त्याला आमचं चालत न्हाई. न्हाईतर त्याला मळमळायलंय. यातलं कोणतं, तेवढं सांगा. मंजी मला वाईट वाटणार न्हाई."

दारात कुणीतरी फिसकन हसलं. भुजंगराव लाल झाले. "काय बोलता मावशी! आपल्यात काय भेद हाय का!" त्यांनी कप उचलला आणि डोळे मिटून एका दमात रिकामा केला.

"आता कसं," ती म्हणाली आणि दुसरा भरला. सोबत ताटलीत सुशीला आणली, फोडणीच्या मुरमुऱ्यांची, वर कोथिंबीर पेरून. ताटली ठेवायचा अवकाश, माशांनी ती पाहुण्याआधी चाखली. मुरमुरे हलताहेत असं वाटत होतं. "घ्या की. पहिल्यांदा आलात घरी."

भुजंगरावांनी चमचा भरला. काठी समोर होती. चमचा तोंडात गेला. ते चावत होते, आणि चावता चावता त्यांच्या कपाळावर घाम दाटला, गळ्याची घाटी वर गेली ती खाली येईना. त्यांनी रुमाल तोंडावर दाबला आणि रुमालातूनच म्हणाले, "तात्या... ते मागचं दार लावा बरं आधी."

तात्याराव जन्मभर साहेबाच्या शब्दावर उठलेला माणूस. ते उठले. दोन पावलं गेले. आणि थांबले.

"मागचं?" ते म्हणाले.

"हां, मागचं. लावा लवकर."

तात्यारावांनी मागच्या दाराकडं बघितलं, मग पुढच्या. चेहऱ्यावर कावा नव्हता. लहान मुलाला गणित सुटत नाही तसं झालं होतं त्यांना. "पण साहेब, आफ्रिका तर मावळतीला हाय. धम्मीनं सांगितलंय मला, ढग मावळतीकडनं आला. आपलं पुढलं दार मावळतीला हाय. मंग मागचं कशापायी?"

खड्ड्यात एक मोठा बुडबुडा आला. डब्.

"आन् ढग तर चीनला गेला म्हणली ती," तात्याराव पुढं म्हणाले, स्वतःशीच. "लय दिवस झाले." मग त्यांनी मान वळवून बायकोकडं बघितलं. दुधाचं पातेलं धरताना बघायचे तसंच.

सगुणाबाईनं मान खाली घातली.

"कोणतं का असंना, लावा ना!" भुजंगराव ओरडले. हसू गळून पडलं होतं. "हितं माणसाला बसवतंय का! ते लगून नाकाशी..." आणि पुढचं बोलणं झालंच नाही. ते उठले, तोंडावर हात धरून जे दार जवळ होतं त्यातून धावत बाहेर पडले. जवळ मागचंच होतं. पांढरे बूट काळ्या चिखलात घोट्यापर्यंत गेले, आणि साहेब स्वतःच्या लगुनाच्या काठावर वाकून, पोटात होतं नव्हतं ते सगळं त्यात ओकले. चहा, मुरमुरे, सकाळचं काय असेल ते. माशा सायीवरनं उठल्या आणि तिकडं गेल्या.

जीवननं काठी खाली घेतली नाही. खुलाशाला व्ह्यू नसतात, ओकारीला असतात, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

सगुणाबाई त्या काठीपुढं जाऊन उभी राहिली. "हिकडं धर. हां. मी सगुणा, धम्मशीलाची आई. माझ्या लेकीनं सांगितलं व्हतं, ढग लय उंच हाय, वास खाली येत न्हाई. ‘असंल की’ मी म्हणले. मिरवायला म्हणले. लेक खोटी न्हाई, तिची आई खोटी हाय. वास ह्यो खड्ड्याचा हाय. साहेबानंबी आत्ता मागचंच दार लावा म्हणलं, तुमी सगळ्यांनी ऐकलं."

"ऐकलं!" दारातून गीताबाई म्हणाली.

मग सगुणाबाई आत गेली, तांब्या भरून घेतला आणि परसात गेली. भुजंगराव गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेले होते, हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती. तिनं तांब्या पुढं केला. त्यांनी बघितलंही नाही कुणाच्या हातातला आहे. हिसकून घेतला आणि तोंड लावून घटाघटा प्यायले, घाटी वरखाली होत होती, पाणी कॉलरमध्ये ओघळत होतं. एवढ्या वर्षांत तिच्या भांड्यातलं पाणी त्या घराण्यातल्या कुणी असं प्यायलं नव्हतं. तिला वाटलं होतं, असं कधी झालं तर बरं वाटेल. काही बरं वाटलं नाही. तांब्या परत घेताना त्याच्या काठाला लागलेला चिकट ओला डाग तिच्या बोटाला लागला. तिनं तो तांब्या राखेनं तीनदा घासला.

शाल, गुच्छ तसेच बाजेवर राहिले. तात्यारावांनी ते उचलून साहेबांच्या गाडीत नेऊन ठेवले. टोपी काढून पेटीत टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फ्लेक्स उतरला. कारखान्याच्याच माणसांनी उतरवला आणि फाटकापाशी गुंडाळून टाकून दिला. संध्याकाळी धम्मीचा फोन. "खुलाशात मी तुझा व्हिडिओ जोडलाय, आई. माझ्या साहेबानं दोनदा बघितला."

"ओकतंय ते?"

"न्हाई गं! तू बोलतीस ते." मग थांबून, "तेबी बघितलं."

दोघी हसल्या. हसणं संपल्यावर धम्मी म्हणाली, "तो डोंगर आता गप हाय. पण आमी बघायलोत अजून."

"बघा," सगुणाबाई म्हणाली. "तितल्या बायांना येळेवर सांगा."

खड्डा तिथंच होता. पाणी तपासणाऱ्यांचा नवा निरोप आला होता, की येऊ, पण कधी ते त्यात नव्हतं. तात्याराव फाटकापाशी जाऊन तो फ्लेक्स घेऊन आले होते. कात्रीनं लेकीचं तोंड कापून त्यांनी आतल्या भिंतीवर लावलं. भुजंगरावांसकट उरलेला भाग, लाल ढग आणि सगळं, परसातल्या गोवऱ्यांवर झाकला. चांगला जाड होता. पाऊस आलाच तर कामी येणार होता.

सत्कारापासून ते तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. आज दूध तापवायच्या आधी पातेलं घेऊन आले. धरलं तिच्यापुढं, पण डोळे पातेल्यातच.

"नासलंय का?"

"न्हाई. चांगलं हाय."

ते हलले नाहीत. "आन् बाहेर?"

"बाहेर काय?"

"वास हाय का?"

शब्द तिच्या जिभेवर आला होता, सवयीनं, तो होही नाही आणि नाहीही नाही असा. तिनं तो गिळला. कडू लागला.

"हाय," ती म्हणाली. "लय हाय. खड्ड्याचा हाय. रोज असतो. तुमचं नाक गेलं तवापासून हाय, आन् त्याच्या आधीबी व्हता."

तात्यारावांनी मान हलवली. पातेलं ओट्यावर ठेवलं. मग मागच्या दारापाशी गुडघे टेकून बसले, पोतं हातात घेतलं, आणि ज्या वासाचा त्यांना गंधही नव्हता तो अडवायला, बोटांनी चाचपून चाचपून, फटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते कोंबत राहिले. मध्येच विचारायचे, "हितनं यायलाय का?" आणि ती सांगायची, "जरा अजून डावीकडं."